मदत हवी आहे: वाळूवर मर्यादवेल कधी लावावी?

नमस्कार मंडळी. श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पुढची सुरूच्या झाडांची रांग आडवी झाली, तेव्हापासून उधाण थेट कुंपणाशी येतं. शेजारी दगडी बंधारा मागतायत. पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याचीच वाळू ओढून नेते. कांदळवनाला खाडीचा चिखल लागतो, इथे ते जगणार नाही. म्हणून वाळू धरायला मर्यादवेल (किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी वेल), मागे केवडा आणि उंडीची झाडं असा विचार आहे. (सुरू पुन्हा नको, पडलेल्यांची मुळं वरवरचीच निघाली.) कोणी केलंय का? वेलीचे तुकडे पावसाच्या तोंडावर लावावेत की उधाणं सरल्यावर? गुरांपासून कसं राखलंत? आणि भरतीरेषेजवळ लागवडीची परवानगी कुणाकडे मागायची?