बरोसातल्या १८४३ च्या वेली: खऱ्या की पाटीपुरत्या?

खोडकिडा: मार्चमध्ये मुलीकडे ॲडलेडला जातोय. तिथून तासाभरावर बरोसा व्हॅली आहे, आणि जर्मन घराण्यांची पाचवी-सहावी पिढी अजून तिथे द्राक्षं पिकवते म्हणतात. तिथल्या लँगमाइल वायनरीची शिराझची, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षांची, एक बाग तर १८४३ ची सांगतात. एवढ्या म्हाताऱ्या वेलीला घड लागतात? आणि जर्मन लोक तिथे पोचले कसे? जाहिरात नको, कुणी आत जाऊन पाहिलं असेल तर सांगा.

उंबरठा: विद्यार्थी असताना दोन हंगाम तिथे काढणीला गेलोय. एका घरच्या बागेत, नाव लिहीत नाही. लागतात घड, पण मोजके. त्या बागेत मांडव नाही, तारा नाहीत, पाणीही देत नाहीत. कमरेएवढी झुडपं आणि पीळ घातल्यासारखं खोड. यंत्र चालत नाही, कात्री घेऊन वाकायचं. पहिल्या संध्याकाळी मला जेवायला सरळ बसता येईना.

वेली टिकल्या त्या फिलॉक्सेरा आला नाही म्हणून. मुळांवर जगणारा हा बारीक किडा. त्याने युरोपातल्या बागा झोपवल्या, १८७७ मध्ये व्हिक्टोरियात जिलाँगला उगवला, पण बरोसा ज्या राज्यात येतं त्या साउथ ऑस्ट्रेलियात आजवर शिरलेला नाही. १८९९ मध्येच तिथे त्यासाठी कायदा झाला. त्यामुळे या वेली कलमी नाहीत, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. बागेत सोडण्याआधी तुमच्या बुटांची चौकशी होईल, राग मानू नका. मला क्लोरीनच्या पाण्यात उभं केलं होतं. एकुलते एक बरे बूट, त्यांवर पांढरे डाग पडले ते पडलेच.

जर्मनांचं म्हणाल तर भांडण प्रार्थनेवरून. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने दोन प्रोटेस्टंट पंथ एकत्र करून सगळ्यांवर एकच विधी लादला. जुन्या वळणाच्या लुथरनांना तो मान्य नव्हता. १८३८ मध्ये पास्टर कावेल त्यातल्या काहींना घेऊन निघाले, पैशांची सोय जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज व्यापाऱ्याने केली. १८४२ मध्ये बरोसात बेथनी वसलं.

शंकासुर: गोष्ट छान आहे, पण घराणी उरलीत किती? सेप्पेल्ट्सफील्ड ही जुनी वायनरी आता सेप्पेल्टांची कुठे आहे?

उंबरठा: नाहीच. १९८० च्या दशकात ती घराण्याच्या हातून कंपनीकडे गेली. पण हेन्श्के आहेत ना. त्यांचा मूळपुरुष १८४१ मध्ये आला, आता सहावी पिढी कामात आहे. त्यांची 'हिल ऑफ ग्रेस' ही बाग ग्नाडेनबर्ग चर्चसमोर आहे. बागेचं नाव म्हणजे त्या जर्मन नावाचंच भाषांतर. पहिल्या महायुद्धात सरकारने गावांची जर्मन नावं पुसली, लँगमाइल गावाचं बिल्यारा झालं. नकाशावर मूळ नाव चालत नाही, असा तो काळ.

खरा घाव मात्र कंपन्यांचा नव्हे. १९८० च्या दशकात द्राक्षं फार झाली, भाव पडला, तेव्हा सरकारनेच वेली उपटायला पैसे दिले. जुन्या शिराझच्या कितीतरी बागा त्यात गेल्या. आमच्या मालकाच्या वडिलांनीही अर्ज भरला होता. आईने तो टपालात टाकते म्हणून नेला आणि ॲप्रनच्या खिशात ठेवला. मुदत टळल्यावर सापडला. नवराबायको महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत म्हणे. आज त्याच तुकड्यावर घर चालतं, आणि मालक हे सांगताना प्रत्येक वेळी आईचीच बाजू घेतो.

शंकासुर: आईला विसर पडला असेल हो.

उंबरठा: शक्य आहे. मी विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही, ग्लास भरला.

खोडकिडा: मार्चमध्ये काढणी चालू असते ना? मग बूट नवे आणू की जुने?

उंबरठा: चालू असते. जुने आणा. पांढरे असतील तर उत्तम.