मदत हवी आहे: 26 नोव्हेंबरची मेणबत्ती सभा, वारा आणि ‘कुबेर’चा तांडेल

नमस्कार मंडळी,

हर्णै-आंजर्ले पट्ट्यातल्या एका मच्छीमार गावातून लिहितेय. 26/11च्या गोळीबारात गेलेल्यांसाठी गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच पुळणीवर मेणबत्त्या लावल्या. लावल्या म्हणजे पेटवल्या आणि विझल्या. वाऱ्याला आडोसा म्हणून कागदी पेले घातले, त्यातले दोन पेटले, पोरं हसायला लागली आणि सगळा विचका झाला. यंदा नीट करायचंय.

पुळणीवर नकोच, असं कासवांचं काम करणारी मुलं सांगतात. मादी अंडी घालायला वर येते, उजेड दिसला की माघारी फिरते, आणि हंगाम तोंडावरच असतो. पटलं. (वाळूत सांडलेलं मेण वेचताना माझी कंबर गेली होती ते वेगळंच.) म्हणून आता जेटीवर. पण अर्ज कुणाकडे टाकायचा? ग्रामपंचायत पोलीस ठाण्याकडे बोट दाखवते, ठाणं मेरीटाइम बोर्डाकडे.

मग नावं. मृत 166. एका नावाला पाच सेकंद धरले तरी चौदा मिनिटं होतात. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, उन्नीकृष्णन एवढीच घ्या, असं काहींचं म्हणणं. मला ते खटकतं. सीएसटीला लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये गोळ्या सुटल्या. आमची निम्मी गावं त्याच हॉलमध्ये पिशव्या उशाला घेऊन कोकणकन्येची वाट बघत आलीत. तिथे मेलेल्यांना नावं नव्हती का?

खरा वाद पुढे आहे. ते दहाजण कुलाब्याच्या बधवार पार्कजवळ, मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला रबरी होडीतून उतरले. त्याआधी त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली होती. तिच्यावरचे खलाशी मारले, आणि मुंबईपर्यंत बोट हाकून घेतल्यावर तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या कप्तानाचा, गळा चिरला. आज समुद्रात जाताना आम्ही ओळखपत्रं बाळगतो, बोटींना ठरलेले रंग देतो, ते सगळं त्या रात्रीनंतरचं. तरी कमिटीत एकजण म्हणाला, “सभा गोळीबाराची आहे, तो गोळीने नाय गेला.” त्यावर आमच्या आळीतले एक जुने तांडेल उठलेच. “त्याचा दिवा नसंल तर मी येत नाय,” म्हणाले आणि गेले घरी. आता त्यांच्याशिवाय सभा म्हणजे निम्मा कोळीवाडा घरी.

पत्रकात काय लिहावं म्हणजे त्याला जागा होईल आणि वादही मिटेल? आणि वाऱ्याचं काय करू?

प्रतिसाद

ताई, मी पालघरकडचा. नोव्हेंबर 2021 मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळ्या झाडल्या, त्यात आमच्या वडराईचा खलाशी गेला. त्याला गोळीच लागली होती, पण 26/11च्या यादीत तो बसणार नाही. म्हणजे अशी चाळण लावत बसलात तर दोन्हीकडून आपलेच गळतात. पत्रकात ‘गोळीबारात’ हा शब्दच नको. ‘26/11ला आणि समुद्रावर मारले गेलेल्यांसाठी’ लिहा.

अर्ज पोलीस ठाण्यातच द्या, सोबत ग्रामपंचायतीचं पत्र आणि मच्छीमार सोसायटीचा शिक्का जोडा. पोच घेतल्याशिवाय हलू नका. जेटीसाठी त्याचीच एक प्रत बोर्डाच्या बंदर कार्यालयात. मेणबत्त्या सोडा. घरोघरी माळ्यावर काचेचे कंदील पडून असतील ते काढा. नसतील तिथे लोणच्याची बरणी, तळाला चार बोटं वाळू, त्यात पणती. नावं एकाने वाचू नयेत, शाळेच्या मुलांना पाच-पाच वाटून द्या.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. तुमच्या खलाशाचा कंदीलही लावते, चालेल ना? पत्रकाचं वाक्य जुन्या तांडेलांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, आत गेले आणि वडिलांच्या बोटीवरचा कंदील घेऊन आले. काच तडकलेली आहे. दापोलीत त्या मापाची काच कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?