गोल्डफिश एकेक करून मरताहेत, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या दोन फुटी टाकीतले गोल्डफिश एकामागून एक जाताहेत. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पंखही झडलेले नाहीत. वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि सकाळी तळाशी पडलेले दिसतात. मेलेला मासा लगेच काढते, कारण तो कुजला की अमोनिया वाढतो. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन घालते, एअर पंप रात्रभर चालू असतो. तरी चाचणीत अमोनिया ०.५ पीपीएम येतोय, खरं तर शून्य हवा. टाकी नवीन आहे, फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू अजून धरले नसावेत. रोज पाव टाकी पाणी बदलू का, की त्यानेही त्रास होईल? खाणं बंद ठेवू? उरलेले दोघं तरी वाचायला हवेत, लेकीचा फार जीव आहे त्यांच्यावर. आणि मेलेले मासे कुंडीत खोल पुरले तर चालेल ना?