मदत हवी आहे: शाळेत यायला नकार देण्याचं पत्र (तातडीचं)

गवतफुल (७ जानेवारी २०२१)
सोमवारी रात्री लॉकडाऊन जाहीर झालं, शाळा बंद. फक्त अत्यावश्यक सेवेतल्या पालकांची मुलं येतील म्हणाले. प्रत्यक्षात माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं बसतात. खिडकी एकच उघडते. वर्गात मास्क लावायचा नाही म्हणे, मुलं घाबरतात. मला लेखी नकार द्यायचाय. कोणाकडे नमुना आहे का? आज रात्रीच पाठवायचंय.

दगडफूल
ताई, जिल्हा कुठला? आमच्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा लावलाय, नकार दिला तर कारवाई. मी स्वतः 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्वेक्षणात ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलोय. एक सांगतो, ड्युटीचा आदेश लेखी घ्या आणि जपून ठेवा. ड्युटीवर कोरोनाने मृत्यू झाला तर ५० लाखांचं सानुग्रह सहाय्य जाहीर आहे, पण कागदच नसेल तर मागे घरच्यांनी सिद्ध काय करायचं?

गवतफुल
जिल्हा नाही, इंग्लंड. प्राथमिक शाळा.

तिसरी घंटा
मग सरळ आहे. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६, कलम ४४. गंभीर आणि तातडीचा धोका आहे असं सकारण वाटलं तर कामाच्या जागेवरून निघता येतं, त्याबद्दल त्रास देता येत नाही. एनईयूने (शिक्षकांची संघटना) नमुना पत्र काढलं होतं, तेच भर.

पाणकणीस
थांबा. कलम ४४ 'एम्प्लॉयी'साठी, म्हणजे थेट नोकरीवर असलेल्यांसाठी आहे. गवतफुल, तू शाळेच्या पगारावर आहेस का? शिक्षिका की टीए (वर्गातली सहाय्यक)? तब्येतीचं काही?

निळाई
जीपीकडून (फॅमिली डॉक्टर) सिक नोट घेऊन टाक. मी तेच केलं.

गवतफुल
टीए, एजन्सीकडून. सप्टेंबरपासून याच शाळेत. आजार काही नाही, तिसावा आठवडा चालू आहे. नमुना मिळेल का प्लीज?

पाणकणीस
तिसावा आठवडा! अगं, मग कलम ४४ बाजूला ठेव. २८ आठवड्यांनंतर जास्त काळजी घ्यायची, शक्य असेल तर घरून काम, असं सरकारी मार्गदर्शनच आहे. एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्स २०१० प्रमाणे एकाच जागी १२ आठवडे झाले असतील, तर गरोदर बाईसाठी जोखीम तपासावी लागते. धोका टळत नसेल तर एजन्सीने दुसरं सुरक्षित काम द्यायचं, नाहीतर ते काम जितकं चालणार होतं तितके दिवस पगार. शाळेच्या सुट्ट्या त्या १२ आठवड्यांत धरत नाहीत, पण त्यामुळे मोजणी शून्यावरही येत नाही. मात्र गरोदर असल्याचं लेखी कळवलेलं हवं. कळवलंयस ना?

तिसरी घंटा
कलम ४४ असं उडवून लावू नका. नोव्हेंबरात आयडब्ल्यूजीबी या कामगार संघटनेच्या खटल्यात हायकोर्टाने म्हटलंय की हे संरक्षण थेट नोकरीवर नसलेल्या 'वर्कर' लोकांनासुद्धा मिळायला हवं.

पाणकणीस
तो निकाल सरकारविरुद्ध आहे, कायद्याचा मजकूर अजून तोच आहे. सातव्या महिन्यात तिने ही लढाई का लढायची? आणि निळाई, ती आजारी नाही. सिक नोट घेतली तर पूर्ण पगाराऐवजी आजारपणाच्या किमान सरकारी भत्त्यावर, यंदा (२०२०-२१) आठवड्याला ९५.८५ पौंडांवर येईल. शिवाय शेवटच्या चार आठवड्यांत गरोदरपणाशी संबंधित रजा पडली की बाळंतपणाची रजा आपोआप सुरू होते.

निळाई
मला तर कोणी काही विचारलं नव्हतं.

मोरपंखी
जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) खरंच रद्द का? मुलगा अकरावीत आहे.

तिसरी घंटा
हो, शिक्षक ग्रेड देणार. वेगळा धागा काढा.

गवतफुल
मुख्याध्यापिकांना तोंडी सांगितलंय. एजन्सीला नाही, काम जाईल अशी भीती वाटली.

पाणकणीस
त्या कारणावरून काम काढून घेणं हा भेदभाव होतो, इक्वालिटी ॲक्ट २०१०. आत्ता एजन्सीला ईमेल कर, शाळेला प्रत: 'मी ३० आठवड्यांची गरोदर आहे. या जागी सप्टेंबरपासून काम करते. वर्गात अंतर राखता येत नाही, हवा खेळती नाही. माझ्यासाठी स्वतंत्र जोखीम मूल्यांकन करून लेखी द्यावं. तोवर घरून करता येईल असं काम द्यावं.' नकार हा शब्द कुठेही नको.

गवतफुल
पाठवलं. मुख्याध्यापिकांचा लगेच फोन, उद्या तेवढं ये म्हणाल्या.

पाणकणीस
फोनवर कबूल करू नकोस, ईमेलवर विचार: मूल्यांकन कधी? युनिसन या कामगार संघटनेची सभासद आहेस का?