बारा वर्षांच्या लेकीसाठी हरणाची रायफल: कमी धक्क्याचं काडतूस कोणतं घ्यावं?

लाक्रॉसकर

नमस्कार मंडळी. राहायला विस्कॉन्सिनच्या पश्चिम कडेला, मिसिसिपीकाठी. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. इथे चहूकडे टेकड्या, ओढे आणि मक्याची शेतं. पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी, की गेल्या उन्हाळ्यात परसातली भेंडी मी एकदाही तोडली नाही, तीच खाऊन गेली.

लेक बारा वर्षांची, वजन ३८ किलो. शाळेतल्या अर्ध्या पोरी नोव्हेंबरात बापाबरोबर मचाणावर बसतात, तेव्हा हिलाही जायचंय. इथे १ जानेवारी १९७३ नंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा वर्ग केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. मी ७९ चा, म्हणजे बाप-लेक एकाच बाकावर बसलो. तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त.

आता खरी अडचण. आमच्या शेजारी ज्या आजोबांची जमीन आहे, त्यांनी प्रेमाने आपली जुनी .३०-०६, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल, तिच्या हातात दिली. टेबलावर ओणवी बसवून बार काढायला लावला. स्कोप (वरची नेमाची दुर्बीण) तिच्या भुवईवर आदळला. दोन टाके पडले. आजोबा बिचारे मलाच सॉरी म्हणत बसले. चूक माझी, मी शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून पोर छोट्या काडतुसाच्या साध्या .२२ रिमफायरलाही चाप ओढायच्या आधी दोन्ही डोळे मिटते. काडतूस फुटायच्या आधीच खांदा मागे.

रायफल घ्यायची आहे, ६०० डॉलरपर्यंत. दुकानदार म्हणतो .२४३ (हे आणि पुढचे आकडे काडतुसांची नावं) घ्या, सगळ्यात हलकी 'युथ' रायफल घ्या. ऑफिसातला एक जण म्हणतो ६.५ क्रीडमूर. दुसरा म्हणतो .२२३ पुरते, धक्काच नाही. आमचं अंतर फार तर ८०-१०० यार्ड, ओढ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर. काय करू?

ता. क. बायकोचं मत: "हौस तुझी आहे, नाव तिचं."

हेवर्डचा हुप्प्या

लाक्रॉसकर, मी तुमच्याच राज्यात, पण वर उत्तरेला. दोन पोरं ह्याच वयात तयार केली, त्यातल्या थोरल्याच्या बाबतीत तुम्ही केलेल्या सगळ्या चुका मी केल्या. टाके पडले नाहीत एवढंच. त्यामुळे जरा लांबण लावतो.

.२४३ विंचेस्टर घ्या. इथवर दुकानदार बरोबर आहे. १९५५ पासूनचं काडतूस, .३०८ चीच मान आवळून केलेलं. १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २९६० फुटांनी सुटते, १०० यार्डावर १६०० फूट-पाउंडांच्या (हे ताकदीचं माप) आसपास ताकद उरते. हरणाला ते भरपूर झालं. गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतं, हाही मुद्दा लहान नाही. नोव्हेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी काडतुसं संपली की कळतं.

पण "सगळ्यात हलकी रायफल घ्या" इथे तो तुम्हाला फसवतोय, न कळत असेल. काडतूस तेच ठेवलं तर धक्का बंदुकीच्या वजनाच्या उलट चालतो. साडेसात पाउंडाच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९-१० फूट-पाउंड. तीच सहा पाउंडाची केलीत तर पाव हिश्शाने वाढला. म्हणजे पोरांसाठी म्हणून जी पिसासारखी बंदूक विकतात, तीच पोरांना मोठ्यांच्या बंदुकीपेक्षा जोरात हाणते. आजोबांची .३०-०६ वीसच्या पुढे गेली असणार, म्हणजे तिने पहिल्याच दिवशी दुप्पट खाल्लं. स्कोप धरून सात-साडेसात पाउंड वजन ठेवा. उचलून फिरायला जड वाटेल, पण ती फिरणार कुठे आहे? तुम्ही उचला, ती मचाणावर बसेल. टेकवायला तिपाई द्या.

दुसरं म्हणजे दस्त्याची, खांद्याला टेकवायच्या भागाची, लांबी. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या पुढे असतं. तुमच्या लेकीला बारा-साडेबारा लागेल. मापायची गावठी रीत: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवायचं, बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. दस्ता लांब असला की पोर मान पुढे ताणते, डोळा स्कोपला चिकटतो, आणि मग टाके. स्कोपमागे डोळा साडेतीन-चार इंच लांब हवा. भुवईचं कारण काडतूस कमी आणि दस्ता जास्त, असं माझं मत.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. पोरं धक्क्याला भितात असं आपण म्हणतो, ती भितात आवाजाला. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या वरचा एकच आवाज कान कायमचा बिघडवू शकतो. सरावाला कानात बोळे आणि त्यावर मफ (पूर्ण कान झाकणारे), दोन्ही. माझ्या धाकट्याला नुसते बोळे दिले तेव्हा दहातल्या चार गोळ्या कागदाबाहेर. वरून मफ चढवले, तीच बंदूक, तीच काडतुसं, तर एकच बाहेर. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (वायू बाजूला वळवणारा भोकांचा तुकडा) लावायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. धक्का कमी होतो खरा, पण आवाज मागे तिच्याच कानावर येतो.

ओणवं बसवून बार काढू नका. टेबलावर ओणवं बसलं की खांद्याला मागे जायला जागाच राहत नाही, सगळा दणका हाडात. उभं राहून किंवा ताठ बसून तिपाईवर टेकवलं की अंग झोका घेतं.

बाकी काडतुसांचं थोडक्यात. ६.५ क्रीडमूर उत्तम, पण बारा-तेरा फूट-पाउंड, आणि तुमच्या १०० यार्डांना त्याची लांब पल्ल्याची करामत वाया. ७ मिमी-०८ मला स्वतःला सगळ्यात आवडतं, पंधरा वर्षांची झाली की द्या. .२२३ कायद्यात बसतं (आपल्या राज्यात .२२ किंवा मोठं सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मधोमध पेटणारं काडतूस, चालतं), पण ते सरावलेल्या हाताचं काम. गोळी हाडावर लागली, किंवा जनावर तिरकं उभं असलं, तर नवख्याला चूक माफ करत नाही. जखमी मादी रात्रभर शोधत फिरलेलं पोर पुढच्या वर्षी येत नाही. माझा पुतण्या आला नाही.

.२४३ मध्ये गोळी बघून घ्या. ५५-५८ ग्रेनच्या गोळ्या कोयोटेसाठी (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) असतात, आदळल्या की वरच्या वर फुटतात. ९५-१०० ग्रेनची हरणाची, किंवा बार्न्सची ८० ग्रेनची तांब्याची. तांब्याची घेतलीत तर मटणात शिशाचे कण जायची भीती नाही. सरावासाठी मुद्दाम हलकी भरलेली काडतुसं मिळतात, हॉर्नेडीची 'कस्टम लाइट' त्यातलीच. घरी काडतूस भरायच्या फंदात एवढ्यात पडू नका.

ओहायोवाली

हुप्प्या दादांचं सगळं मान्य, फक्त एक भर. हे वाचणारं कोणी आमच्यासारखं ओहायोत असेल तर .२४३ विसरा! इथे हरणाला रायफल चालते ती सरळ भिंतीच्या काडतुसाचीच, म्हणजे ज्याला बाटलीसारखी मान नाही ते. सपाट प्रदेश, घरं जवळजवळ, म्हणून गोळी फार लांब जाऊ नये असा हिशोब. २०१४ पासून हे सुरू झालं, त्याआधी बहुतेकांच्या हाती शॉटगन. आणि बारा बोअरच्या स्लगचा (शॉटगनच्या एकाच जाड गोळीचा) दणका ज्याने खाल्लाय त्याला विचारा. माझा खांदा आठवडाभर वांग्याच्या रंगाचा होता, पोळ्या लाटताना कळ यायची.

आम्ही मुलासाठी .३५० लेजंड घेतली. विंचेस्टरने २०१९ मध्ये काढलेलं काडतूस, १५० ग्रेनची गोळी, २३२५ फूट. धक्का .२४३ एवढाच, किंवा जरा कमीच. दीडशे यार्डांपर्यंत हरीण बिनघोर. त्यापुढे गोळी भराभर खाली बसते, पण अकरा वर्षांच्या मुलाला मी दीडशेवर बार काढूच देत नाही.

लाक्रॉसकर, डोळे मिटण्यावर उपाय: एक महिना मोठी बंदूक कपाटात ठेवा. फक्त .२२, आणि कागदावर नाही, रिकाम्या डब्यांवर. डबा टण्णकन उडाला की मुलं डोळे उघडे ठेवतात, कारण ते बघायचं असतं.

सदाशिवपेठी

सगळं शास्त्रशुद्ध चाललंय, पण बारा वर्षांच्या मुलीच्या हातून हरीण मारवायचं कशाला, हा प्रश्न कोणालाच पडला नाही? कॅमेरा द्या की हातात.

लाक्रॉसकर

सदाशिवपेठी, प्रश्न रास्त आहे, आमच्या घरातही झाला. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली ती योग्यच झाली, तिथे मी हे करणार नाही. इथे लांडगे मुख्यतः उत्तरेला आणि राज्याच्या मध्यातल्या जंगलात, आमच्या बाजूला हरणांना आवर घालणारं मोटारगाड्यांखेरीज फारसं काही उरलेलं नाही. महामार्गाच्या कडेला रोज एक पडलेलं दिसतं. आणि आम्ही घरी मटण खातो. ते दुकानातून प्लास्टिकमध्ये येतं म्हणून कोणी मारलेलं नसतं असं थोडंच आहे? लेकीला सांगितलंय, चाप ओढायचा की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत तुझं. कॅमेरा आहेच, तोही येतो बरोबर.

गुहागरी

रायफलीतलं मला कळत नाही. आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भातात उतरली की आजोबा नळीत दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे घालून गजाने ठासायचे. दारूचं माप म्हणजे त्यांचा तळहात. एकदा मला, वय वर्षं दहा, फणसाला पाठ टेकवून उभं केलं आणि म्हणाले काढ बार. पाठीला फणस असल्याने मी मागे जाऊच शकलो नाही. खांदा निखळला होता. ओणवं बसवू नका असं वर लिहिलंय ते वाचून चाळीस वर्षांनी कारण कळलं.

हेवर्डचा हुप्प्या

गुहागरी, आजोबांना दंडवत!

लाक्रॉसकर, एक राहिलं. डोळे मिटण्याची सवय मोडायची जुनी युक्ती आहे. ती बघत नसताना बंदूक तुम्ही भरा. कधी खरं काडतूस, कधी बिनदारूचं बनावट. कुठलं आहे ते तिला सांगायचं नाही. बनावटावर चाप ओढला की नुसता टिक आवाज येतो, आणि नळी खाली झुकली की तिला स्वतःलाच दिसतं. आपण बोलायची गरज पडत नाही. एका दिवसात खऱ्या दहाच्या वर जाऊ नका. खांदा दुखायच्या आधी घरी.

आणि आठ इंचांची कागदी थाळी आणा, सहलीला वापरतो ती. हरणाच्या छातीत हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण तेवढीच. ज्या अंतरावर ती पाचच्या पाच थाळीत घालते ते तिचं अंतर. ते साठ यार्ड असेल तर साठ. रायफल तीनशे मारते म्हणून उपयोग नाही.

हरीण पडलंच तर आजाराची तपासणी करून घ्या. हरणांना झिजवत मारणारा 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' नावाचा रोग आपल्या राज्यात २००२ मध्ये सापडला, तुमच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत फार. तपासणी फुकट आहे. निकाल येईपर्यंत मटण वेगळं बांधून फ्रीझरात.

लाक्रॉसकर

मंडळी, सहा आठवड्यांनी कळवतोय.

जुनी वापरलेली .२४३ मिळाली, सव्वाचारशेला. लाकडी दस्ता, स्कोप धरून सात पाउंड पाच औंस. दुकानदाराने नाक मुरडलं, "लहान मुलीला एवढी जड?" गावातल्या एका सुताराकडून दस्ता सव्वा इंच कापून घेतला, तुकडा जपून ठेवलाय, वाढली की परत जोडायचा. टोकाला रबरी गादी बसवली.

महिनाभर .२२ आणि टोमॅटोचे रिकामे डबे. ओहायोवाली ताई, बरोबर बोललात, तिसऱ्या दिवशी डोळे उघडे! मग बोळे, त्यावर मफ, आणि हलकी काडतुसं. पहिल्या बारानंतर तिने वळून विचारलं, "एवढंच?"

बनावट काडतुसाची युक्तीही केली. तिची नळी आधी झुकायची, दुसऱ्या रविवारी जागची हलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आता तुझी पाळी, मी भरते." मी ऐटीत नेम धरला, चाप ओढला. टिक. नळी चांगली चार बोटं खाली. शेजारचे आजोबा कुंपणावर हात टेकून बघत होते, त्यांना ठसका लागला हसताना.

सध्या सत्तर यार्डांवर पाचच्या पाच थाळीत. ऐंशीवर चार. म्हणून ओढ्याच्या ह्या बाजूला, सत्तर पावलांवर ओकच्या झाडाला लाल फीत बांधलीय, त्यापलीकडचं जनावर तिचं नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हंगाम उघडतोय. भगवी जाकिटं आणली, तिने गुलाबी मागितलं, तेही इथे कायद्यात बसतं म्हणे, ते आणलं. बायकोने थर्मासात आल्याचा चहा द्यायचं कबूल केलंय, आणि दशम्या.

भुवईवरचे टाके निघाले. व्रण राहिलाय, बारीक चंद्रकोरीसारखा. वर्गात सगळ्यांना दाखवते.