इग्वानाची कॅल्शियमची पूड परवडत नाही, घरच्या घरी काय देता येईल?

माझा हिरवा इग्वाना (पाळीव मोठा सरडा) साडेतीन वर्षांचा आहे, शेपटीसकट चार फुटांच्या आसपास. लहान होता तेव्हा मूठभर पाल्यात भागायचं. आता टोपलंभर फस्त करतो आणि वर असा बघतो, जणू मी त्याला उपाशी मारतोय. सध्या पैशांची ओढाताण आहे म्हणून कॅल्शियमची पूड आणि तयार दाणे दोन्ही बंद केलेत. पालक, कोबी, काकडी, अधूनमधून केळं एवढंच चालू आहे.

अंड्याची टरफलं कुटून घातली तर चालतील का? मांजराचं कोरडं खाणं भिजवून द्या, असंही एकाने सुचवलं. आणि कदाचित याचा संबंध नसेल, पण दोन दिवस त्याच्या मागच्या पायाची बोटं मध्येच थरथरतात.

प्रतिसाद १:
संबंध आहे, आणि तुम्ही तो शेवटी लिहिलात! रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं की बोटं अशी थरथरतात. आधी सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा, ही वेळ पूड कुटत बसायची नाही.

आता खाण्याबद्दल. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. कोबी रोज नको, काकडी म्हणजे नुसतं पाणी. मांजराचं खाणं तर अजिबात नको. इग्वाना शुद्ध शाकाहारी, प्राणिज प्रथिनांनी त्याच्या किडन्या जातात. शेवग्याचा पाला, मोहरीचा आणि सलगमचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं द्या. यातलं बरंचसं झाडावरून फुकट मिळतं. फक्त फवारणी केलेलं किंवा रस्त्याकडेचं तोडू नका. लाल भोपळा किसून थोडासा. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असावं, आणि केळ्यात नेमकं उलटं असतं.

टरफलं चालतात, ती जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटच असतात. उकळा, आतला पापुद्रा काढा, खडखडीत वाळवून पिठासारखी दळा. समुद्रफेस, म्हणजे कटलफिशच्या अंगातलं पांढरं कवच, किसूनही चालतो. आणि यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, दिवा कधी बदललात?

धागाकर्ता:
यूव्हीबीचा दिवा दीड वर्षापूर्वीचा आहे, पण उजेड लख्ख पडतो. शिवाय दुपारी खिडकीत ऊन खातो, काच लावलेली असते.

प्रतिसाद १:
मग दुखणं इथेच आहे. दिसणारा उजेड तसाच राहतो, यूव्हीबी मात्र सहा ते बारा महिन्यांत ओसरतं. आणि काच ते अडवते, त्यामुळे त्या उन्हाची नुसती ऊब मिळते. यूव्हीबीशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी३ नसेल तर टरफलं पोटातून तशीच बाहेर. दाणे बंद राहू द्या, त्यावाचून अडत नाही. ते पैसे दिव्याला लावा. डॉक्टरांनी परवानगी दिली की उबदार दिवशी पिंजरा थेट उन्हात ठेवा, अर्ध्या भागात सावली हवीच. डी३ची औषधं मनाने देऊ नका, जास्त झाली तर विषारी ठरतात.

धागाकर्ता:
उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ मिळाली. आज जास्वंद दिली. लबाडाने फुलं वेचून खाल्ली, पानं जशीच्या तशी.

प्रतिसाद २:
पानं बारीक चिरून फुलांत कालवा. आमचीही अशीच फसते.