गुलाबी धिंगरी फिकी का पडतेय?

पडवीतली अळंबी:
मी माणगावची. मागच्या पडवीत भाताच्या पेंढ्यावर गुलाबी धिंगरी अळंबीचे 20 बेड लावलेत. पहिल्या लॉटचा रंग बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, कमळं आणलीस की काय! आताच्या लॉटला देठ बोटभर लांब, छत्र्या रुपयाएवढ्या आणि रंग जेमतेम. तापमान तेच, 27-28. ओलावा टिकावा म्हणून यंदा खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलंय. स्पॉन (अळंबीचं बियाणं) खराब लागलं का? आणि दोन बेडच्या तोंडाशी नारिंगी भुकटी आहे, ती कसली?

खाचरकाठ:
ताई, स्पॉनला बोल लावण्याआधी प्लास्टिक काढा. पहिली दोन वर्षं मीही ओलाव्यापायी खोली कोंडून ठेवत होते. पेंढ्यात बुरशीचं जाळं पसरेपर्यंत अंधार चालतो. कोंब फुटताना मात्र उजेड हवाच. झाडासारखं अन्न करायला नव्हे. छत्री कधी धरायची, रंग किती भरायचा, हे तिला उजेडावरून कळतं. पेपर वाचता येईल इतका पुरे, थेट ऊन नको.

लांब देठ हवेमुळे. बुरशीही श्वास घेते. तिनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठला की देठ ताणतो, छत्री खुरटते. दिवसातून तीन-चारदा खिडक्या उघडा आणि जमिनीवर, भिंतींवर पाणी मारून ओलावा 80-85 टक्के ठेवा. तोडा छत्रीच्या कडा वर वळायच्या आत करा. त्यानंतर चांगली रंगलेलीसुद्धा मलईसारखी होते.

बुरशीवेडा:
भुकटी म्हणजे न्यूरोस्पोरा. 1843 साली पॅरिसमध्ये पावावरच्या या बुरशीचा अभ्यास झाला, तेव्हाच उजेडात ती जास्त रंगते हे लक्षात आलं होतं. तिचा रंग गाजराच्या रंगाच्या कुळातला, आणि तो निळ्या उजेडानं चढतो. मला तिचं फार अप्रूप आहे, पण तुमच्या पडवीत नको! 60 अंशांच्या आसपासच्या उष्णतेनं तिचे काही बीजाणू मरायचे सोडून जागे होतात, म्हणून जंतू मारायला पेंढा तापवाल तेव्हा अर्धवट तापवू नका. ते बेड हलवण्याआधी ओल्या फडक्यानं झाका, नाहीतर भुकटी सगळीकडे उडेल. लांब नेऊन पुरा.

पडवीतली अळंबी:
दहा दिवस झाले. नारिंगी बेड त्याच दिवशी पुरले. आज तोडा केला: खिडकीजवळच्या आठ बेडवर छत्र्या तळहाताएवढ्या, रंग पहिल्यासारखा. कोपऱ्यातले अजून फिके आहेत, त्यांची जागा आज बदलते.